हमीपत्र म्हणजे फिक्स नव्हे

मंडळी, १९ मे २०२४ ची पहाट आठवतेय ना? पुणे, कल्याणीनगर, भरधाव पोर्श, चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा आणि जिवानिशी गेलेले दोन तरुण इंजिनियर. दोघंही आपल्याच धंद्यातले. बाल न्याय मंडळाकडून काही तासांत जामीन, आणि तो तीनशे शब्दांचा निबंध!

त्या आठवड्यात हिंजवडीतल्या आमच्या कँटीनमध्ये प्रत्येक टेबलावर एकेक कायदेपंडित बसला होता. "वय सोळा करा." "सोळा कशाला, चौदा करा." "हा कायदाच रद्द करा." खोटं कशाला बोलू, मीही त्यातलाच. तो निबंधाचा मीम मी सात ग्रुपवर फॉरवर्ड केला होता. राग खरा होता आणि त्याला कारणही होतं.

त्याच आठवड्यात हिंगोली जिल्ह्यात, माझ्या जवळच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न लागलं. वय पंधरा वर्षं नऊ महिने. मला ते चार दिवसांनी कळलं. कायदा तोच होता बरं का! ज्या बाल न्याय कायद्याला आम्ही चहाबरोबर शिव्या घालत होतो, त्याच कायद्यात या मुलीसाठी एक ओळ लिहिलेली आहे. आमच्यापैकी एकालाही ती माहीत नव्हती. मलाही नव्हती, आणि मी तर तिथलाच.

आजचा लेख त्या ओळीबद्दल आहे. गाव, तालुका आणि नेमकं नातं सांगणार नाही. याच कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं, आणि निदान तेवढं तरी मला पाळायचंय.

तर झालं असं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पत्रिका आली. आमच्याकडच्या पत्रिका तुम्ही पाहिल्या असतील. वर गणपती, कुलदैवत, मग कैलासवासी मंडळी, मग आमदार-खासदारांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे 'प्रेषक' आणि 'शुभेच्छुक'. सगळ्यांची नावं असतात, फक्त नवरीचं वय नसतं. पण मला ते माहीत होतं, कारण आदल्या जूनमध्ये तिला दहावीची गाईडं मीच कुरियरने पाठवली होती. नुकतीच मार्चमध्ये तिची परीक्षा झाली होती.

मी तिच्या वडिलांना फोन लावला. मी त्यांना दादा म्हणतो.

"दादा, पोरगी अजून सोळाची पण नाही."

"तुला पुण्यात बसून बोलायला काय जायलंय? आम्ही दिवाळी झाली की कारखान्यावर जायलोत. सहा महिने घरी कोण ऱ्हायलंय? म्हातारीला दिसंना झालंय. पोरीला कुनाच्या भरवशावर ठेवू, सांग. तू नेतूस का?"

मी गप्प बसलो. 'आई-बाबांशी बोलून सांगतो' असं काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला. हा प्रश्न लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचंय.

दुसऱ्या दिवशी मी १०९८ ला फोन केला. ही मुलांसाठीची हेल्पलाइन. मुंबईत १९९६ साली सुरू झाली, २०२३ पासून सरकारने ती स्वतःकडे घेतली. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, माझं नाव गुप्त राहील असं सांगितलं. २६ एप्रिलला हिंगोलीत लोकसभेचं मतदान होतं आणि लग्न त्याच्या आधीच्या रविवारी. अख्खी सरकारी यंत्रणा निवडणुकीत बुडालेली. तरीही शनिवारी ग्रामसेवक, एक पोलीस आणि अंगणवाडीच्या ताई घरी जाऊन थडकल्या. मांडव उतरला. आई-वडिलांकडून हमीपत्र लिहून घेतलं, की मुलगी अठराची होईपर्यंत तिचं लग्न लावणार नाही. फोटो निघाला. स्थानिक पेपरात दोन कॉलमी बातमी आली, 'प्रशासनाच्या सतर्कतेने बालविवाह टळला'.

मी ते कात्रण तीनदा वाचलं. छाती फुगली होती, खरंच! आपल्या भाषेत सांगायचं तर टिकट रेझ केलं, टिकट क्लोज झालं, आणि एसएलएच्या आत.

चार आठवड्यांनी त्याच मुलीचं, त्याच मुलाशी, दुसऱ्या तालुक्यातल्या एका शेतात रात्री लग्न लागलं. ना मांडव, ना बँड, ना पत्रिका. त्या वर्षी मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त होता, पंचांगात नेहमीचे मुहूर्तच नव्हते. ज्या घरात विहिरीवर मोटर बसवायलासुद्धा मुहूर्त बघतात, त्या घराने मुहूर्ताशिवाय लेक उजवली. इतकी घाई कशाची? तर माझ्या फोनची. पहिल्यांदा झालं असतं तर निदान दिवसाढवळ्या, चार माणसांत झालं असतं.

२७ मे ला दहावीचा निकाल लागला. चौऱ्याहत्तर टक्के. निकाल बघायला ती घरात नव्हती.

यानंतर मी ते केलं, जे इंजिनियर प्रॉडक्शन बोंबलल्यावरच करतो. मॅन्युअल वाचलं!

पहिलं मॅन्युअल म्हणजे बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६. छोटासा कायदा आहे, एका बसणीत वाचून होतो. त्यात 'हमीपत्र' कुठेच नाही. मी दोनदा शोधलं. त्यात आहे कलम १३. बालविवाह ठरतोय किंवा लागणार आहे अशी माहिती मिळाली आणि तिच्याबद्दल खात्री पटली, तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने मनाई हुकूम काढायचा. अर्ज बालविवाह प्रतिबंधक अधिकारी करू शकतो, संस्था करू शकते, माहिती असलेला कोणीही माणूस करू शकतो. घाई असेल तर समोरच्याला नोटीस न देताही अंतरिम हुकूम निघतो. आणि कलम १४ म्हणतं की असा हुकूम असताना लागलेलं लग्न मुळातच रद्दबातल. म्हणजे ते झालंच नाही.

आता हमीपत्राशी तुलना करा. हुकूम नसताना लागलेला बालविवाह एरवी आपोआप रद्द होत नाही. कलम ३ प्रमाणे तो 'रद्द होण्याजोगा' असतो, म्हणजे मुलीने स्वतः जिल्हा न्यायालयात जाऊन मागणी केली तर. मुदत वयाची अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षं. म्हणजे वीस वर्षांची, बहुधा कडेवर मूल असलेली, दुसऱ्याच्या घरात राहणारी मुलगी वकील गाठून स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध अर्ज करणार! कर्नाटकाने २०१६ साली राज्याची दुरुस्ती करून आपल्याकडचे बालविवाह सरसकट रद्दबातल ठरवले. महाराष्ट्राने तसं करावं की नाही यावर प्रामाणिक मतभेद आहेत, कारण 'तू बायकोच नव्हतीस' हे ऐकणं त्या मुलीला परवडेलच असं नाही. पण आज, आत्ता, कायद्यात बदल न करता जे कुलूप हाताशी आहे ते कलम १३ चं. माझ्या नातलग मुलीच्या बाबतीत ते लावलंच गेलं नाही. दाराला कुलूप असताना आपण दारावर 'कृपया आत येऊ नये' अशी चिठ्ठी चिकटवली.

दुसरं मॅन्युअल म्हणजे तो प्रसिद्ध बाल न्याय कायदा, २०१५. आपल्याला त्याचं एकच दार ठाऊक आहे, ज्यातून आरोपी मुलं जातात. तिथे बाल न्याय मंडळ बसतं. पण याच कायद्याला दुसरंही दार आहे, 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या' मुलांसाठी. तिथे बाल कल्याण समिती बसते, अध्यक्ष आणि चार सदस्य, प्रत्येक जिल्ह्यात किमान एक. अशी मुलं कोण, याची यादी कलम २(१४) मध्ये आहे. अनाथ, रस्त्यावरची, कामाला जुंपलेली... आणि त्याच यादीत ती ओळ आहे. लग्नाचं वय होण्याआधीच जिचं लग्न लावलं जाण्याचा धोका अगदी तोंडावर आहे आणि ते लावणारे आई-वडीलच असण्याची शक्यता आहे, अशी मुलगी.

हीच ती. अक्षरशः माझ्या नातलग मुलीचं वर्णन.

अशा मुलीला समितीसमोर हजर करायचं असतं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत. पोलीस करू शकतात, कुठलाही सरकारी नोकर करू शकतो, नर्स करू शकते, सार्वजनिक कळकळ असलेला साधा नागरिक करू शकतो, मुलगी स्वतःसुद्धा जाऊ शकते. मग घरची परिस्थिती तपासायची. ही सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत आणि समितीचा अंतिम आदेश चार महिन्यांत, अशी मुदत कायद्यातच आहे. समिती मुलीला घरीच ठेवून देखरेख लावू शकते, वसतिगृहाची वाट दाखवू शकते, प्रायोजकत्व सुचवू शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी महिन्याला ४००० रुपयांची तरतूद आहे, आणि बालविवाहाच्या कचाट्यात सापडलेली मुलं त्यात बसतात.

म्हणजे दादाने मला जो प्रश्न विचारला होता, 'पोरीला कुनाच्या भरवशावर ठेवू', त्याचं उत्तर द्यायला कायद्याने पाच माणसांची एक समितीच बसवली आहे. फक्त तो प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही. हमीपत्रावर सही झाली आणि सगळे घरी गेले. मीपण!

आता तुमच्या मनात जे येतंय ते मला ऐकू येतंय. कारण वर्षभर हेच ऐकतोय.

"गावात जागृती नाही रे." अहो, जागृती ओसंडून वाहतेय! माझ्या गावात शेंबड्या पोरालाही मुलीचं वय अठरा हे पाठ आहे. माहीत आहे म्हणूनच तर दुसऱ्यांदा लग्न रात्री आणि शेतात लागलं. माझ्या पणजीचं लग्न आठव्या वर्षी झालं, तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती. १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता, तो आमच्याकडे लागूच नव्हता. पणजीच्या वडिलांना कायदा माहीत नसणं समजण्यासारखं आहे. दादाला माहीत आहे. त्याचा प्रश्न अज्ञानाचा नाही, सहा महिन्यांचा आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतली की दोघांना जावंच लागतं. मागे म्हातारी आजी आणि वयात आलेली मुलगी. काही बरंवाईट झालं तर गाव बापालाच विचारणार. तो भित्रा आहे, चुकीचा आहे, पण अडाणी नाही.

"मग कायदा कडक करा. टाका बापाला आत." कायदा कडकच आहे हो. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. नुसतं अशा लग्नाला हजर राहणंसुद्धा गुन्ह्यात मोडतं. (तुमच्यापैकी जे मराठवाड्यातले आहेत त्यांनी आजवर किती पंगतींना हजेरी लावली ते आठवा. मी आठवलं. आकडा सांगत नाही.) २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी या कायद्याखाली अख्ख्या देशात हजाराच्या आसपास गुन्हे नोंदले गेले. आणि २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण काय सांगतं? २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या देशात २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९. शेजारच्या परभणीत ४८! आणि परभणीतूनच १ मे १९९९ ला वेगळ्या झालेल्या आमच्या हिंगोलीत तिघींत एकीपेक्षा जास्त. या प्रमाणाच्या पुढे देशभरातले हजार गुन्हे म्हणजे काहीच नाही. २०२३ मध्ये आसामने धडाधड अटका केल्या, पहिल्या फेरीतच तीन हजारांवर. मग मागे राहिलेल्या अल्पवयीन, गरोदर मुली पोलीस ठाण्यांबाहेर रडत बसल्या, नवरा आत आणि चूल बंद.

कडकपणाची एक बाजू मी स्वतः पाहिली आहे. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. वय सतराच्या आगेमागे. सरकारी दवाखान्यात नेलं तर वय विचारतात, आणि पोक्सो कायद्याने डॉक्टरला पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठराखालच्या बायकोशी संबंध हा बलात्कारच, आणि तो बलात्कारच मानला पाहिजे यात माझ्या मनात शंका नाही. पण घरच्यांनी काय केलं? सरकारी दवाखाना टाळला. लांबच्या एका खाजगी क्लिनिकात एकोणीस वय सांगितलं. सतराव्या वर्षीचं बाळंतपण ज्या डॉक्टरने जोखमीचं म्हणून सांभाळायला हवं, त्याच्या कागदावर ती एकोणीस. जो कायदा तिच्या रक्षणासाठी केला, तो आधी यायचा तिथे आला नाही, आणि उशिरा आला तो नेमका तिच्या आणि दवाखान्याच्या मधे.

"मग सरकारी माणसंच कामचुकार!" हे वाक्य माझ्याही तोंडात होतं. पण जरा त्या ग्रामसेवकाकडे बघा. (२०२४ पासून कागदावर त्याला 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणतात, गावात तो अजून भाऊसाहेबच.) केंद्राचा कायदा राज्याला सांगतो की बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमा. महाराष्ट्राने २००८ साली नियम केले, २०२२ मध्ये ते नव्याने केले, आणि खेड्यात हे पद दिलं ग्रामसेवकाला, मदतीला अंगणवाडी सेविका. नवीन माणूस नाही, जुन्याच माणसाच्या डोक्यावर नवीन टोपी. घरपट्टी, पाणीपट्टी, घरकुलाच्या याद्या, रोजगार हमी, जन्ममृत्यूच्या नोंदी, ग्रामसभा, निवडणूक, वरून कधी एका माणसाकडे दोन-दोन गावं. आणि यात त्याने ज्याच्या घरातलं लग्न थांबवायचं त्याचा चुलता ग्रामपंचायतीचा सदस्य! उद्या वसुलीला, परवा ग्रामसभेला त्याच दारात उभं राहायचंय. असा माणूस हमीपत्र लिहून घेतो यात नवल नाही. तो रविवारी कोर्टाच्या हुकुमासाठी धावला असता तर नवल.

आपल्या कंपनीत असं होतं तेव्हा आपण काय म्हणतो? चाळीस टिकटं अंगावर असलेल्या पोराला एक्केचाळिसावं, सगळ्यात नाजूक टिकट देऊन वर 'ओनरशिप घे' असं सांगितलं, तर दोष त्या पोराचा की मॅनेजरचा? राज्य सरकारने नेमकं हेच केलं आहे. जबाबदारी वाटून टाकली आणि मालक कोणालाच केलं नाही.

हे माझ्या एकट्याचं तुणतुणं नाही. १८ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बालविवाहावर मोठा निकाल दिला. त्यात राज्यांना सांगितलं की जिल्हा पातळीवर फक्त हेच काम करणारे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमा, त्यांच्यावर इतर कामांचं ओझं टाकू नका. आणि भर शिक्षेवर नाही, आधी थांबवण्यावर हवा. दिल्लीतल्या न्यायाधीशांना भाऊसाहेबांची अडचण समजली. आपल्याला कँटीनमध्ये समजत नाही, कारण आपल्याला निबंधाचा मीम जास्त मजेशीर वाटतो.

आणि इथे माझं खरं भांडण तुमच्याशी आहे, म्हणजे माझ्याशीही.

आपला राग फुकट जात नाही, मंडळी. डिसेंबर २०१२ नंतर दिल्लीच्या रस्त्यांवर जो राग उतरला, त्यातूनच २०१५ चा बाल न्याय कायदा आला. गंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवता येण्याची सोय त्यात आपल्या रागानेच घातली. पोर्शच्या वेळी पुन्हा आपण ओरडलो तर मंडळाच्या कामाची चौकशी झाली, सदस्य गेले. जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्या मुलाला प्रौढ म्हणून चालवायची मागणी फेटाळली तेव्हाही पेपरांनी पानं भरली. पहिल्या दाराशी एक दगड पडला तरी अख्ख्या राज्याला आवाज जातो. दुसऱ्या दाराशी आपण कधी जाऊन उभेच राहिलो नाही. हिंगोलीच्या बाल कल्याण समितीच्या पाच खुर्च्या भरलेल्या आहेत की नाहीत, असा प्रश्न तुम्ही आजवर एकदा तरी विचारलाय? कायद्याप्रमाणे समितीने महिन्यात किमान वीस दिवस बसायचं असतं, हे माहीत होतं? मला नव्हतं. मला मनाई हुकूमही माहीत नव्हता. माहीत असता तर १०९८ च्या त्या बाईंना मी एकच वाक्य जास्त बोललो असतो, "मला कलम १३ चा हुकूम हवाय आणि मुलीला समितीसमोर न्यायला हवंय." एका वाक्याचा फरक होता.

म्हणून मागणी नव्या कायद्याची नाही. मागणी साधी आहे. एक, प्रत्येक जिल्ह्यात या कामाचा पूर्णवेळ माणूस, न्यायालयाने सांगितलाय तसा. दोन, प्रत्येक थांबवलेल्या लग्नाबरोबर मनाई हुकुमाचा अर्ज आणि समितीसमोर हजेरी, दोन्ही. तीन, हमीपत्र घ्यायचंच असेल तर त्याला मुदत लावा. ती मुदत म्हणजे मुलीचा अठरावा वाढदिवस. तोपर्यंत दर महिन्याला कोणीतरी जाऊन विचारायचं, 'ताई, आहेस ना? शाळेत जातेस ना?' थांबवलेलं लग्न हे बंद झालेलं टिकट नाही. ते दोन-अडीच वर्षं उघडं राहणारं टिकट आहे.

आणि तुम्ही काय करायचं? तुम्ही आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या डेटामधली भोकं शोधून पगार घेतो. तेच करा. माहितीचा अधिकार कायदा, २००५. फी दहा रुपये, अर्ज ऑनलाइन. आपापल्या गावच्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याला चार प्रश्न विचारा. गेल्या तीन वर्षांत वर्षनिहाय किती बालविवाह थांबवले आणि किती हमीपत्रं घेतली? त्यापैकी कितींत कलम १३ चा मनाई हुकूम मागितला? त्यापैकी किती मुली बाल कल्याण समितीसमोर हजर केल्या? हमीपत्रानंतर प्रत्येक मुलीकडे किती वेळा भेट दिली? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कोणाचंही नाव मागू नका, फक्त आकडे मागा. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात किती दरी आहे ते तुमच्या जिल्ह्यापुरतं स्वतः बघा. एका अर्जाने काही होणार नाही. पण नांदेड, परभणी, जालना, बीड, हिंगोलीतून एकाच महिन्यात दोनशे अर्ज गेले, तर कोणालातरी ते रजिस्टर उघडावं लागेल. आणि रजिस्टर उघडलं की निदान एक माणूस तरी एका मुलीच्या दारात जाऊन येईल.

माझा हिंगोलीचा अर्ज आज सकाळी पाठवलाय.

राहता राहिला दादाचा प्रश्न. 'तू नेतूस का?' माझ्या फ्लॅटमध्ये एक खोली आहे. तिथे ट्रेडमिल आणि जुने मॉनिटर पडलेत. दहावी झालेली एक मुलगी त्या खोलीत राहून अकरावी-बारावी करू शकली असती, बायको नाही म्हणाली नसती. मी तिला विचारलंच नाही, कारण हेल्पलाइनला फोन करणं सोपं होतं. सरकारने हमीपत्रावर भागवलं तसं मी एका फोनवर भागवलं.

तिची धाकटी बहीण यंदा आठवीत आहे. मागच्या रविवारी मी दादाला फोन केला, पहिल्यांदाच, दीड वर्षाने. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दहावी तर होऊ दे." मी म्हटलं, दहावी होऊ दे, आणि खोली मी आत्तापासूनच रिकामी करतोय.